तेव्हाचं खरं की आताचं

दि. १९ नोव्हेंबर, मंगळवार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकशील. अकरा वर्षांत मी तुला साधं ‘कशी आहेस’ विचारलं नाही, आणि आता एकदम दोन पानं. घाबरू नकोस, तुझी सासू आहे अजून. काल चार चमचे दूध घेतलं, आणि साखर कमी पडली म्हणून माझ्यावर डाफरली. डॉक्टर मात्र आता दिवसांच्या भाषेत बोलतात.

दुकान सकाळी दोन तास उघडतो. मोठी काच आता कापवत नाही, म्हणून मोठ्या तसबिरी फ्रेमला घेत नाही. भिंतीवर सगळे शेजारी शेजारी आहेत, कुणाचे देव, कुणाची वचनं, कुणाचे संत. गिऱ्हाईक विचारतं, यातलं खरं कोणतं हो? मी आपलं नेहमीचं सांगतो, अहो, कुठूनही जा, शेवटी पोचता तिथेच. लोक खूश होऊन जातात.

आता मुद्द्याचं लिहितो, उगाच पाल्हाळ लावलंय.

रविवारी तिने तुला फोनवर आमच्या गेलेल्या पोराबद्दल विचारलं, ‘मी गेले की तो मला भेटेल का गं?’ तू म्हणालीस, ‘आई, मला खरंच माहीत नाही.’ मी शेजारीच बसलो होतो. असा संताप आला तुझा! मरणाऱ्या बाईला एक ‘हो’ म्हणायला तुझं काय जात होतं? फोन ठेवल्यावर मीच म्हटलं, ‘अगं भेटेल की. सगळे एकाच ठिकाणी जातात.’

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘दुकानात त्याला वेगळंच सांगितलं होतंत. तेव्हाचं खरं की आताचं?’

त्याने तुला हे सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्या धर्मात जाऊन त्याने तुझ्याशी लग्न केलं, त्यानंतर महिन्याभराने तो दुकानात आला होता. घरी यायची त्याला मी बंदी केली होती, म्हणून गिऱ्हाइकासारखा आला. हातात तुमची प्रार्थना होती, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. ‘बाबा, फ्रेम करून द्याल?’ एवढंच म्हणाला. माझ्या पाठीमागे भिंतीवर तीच प्रार्थना होती, दुसऱ्या कुणाची. तिला काच मीच बसवली होती.

मी नाही म्हटलं. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि थोडासा हसला. भांडला असता तर परवडलं असतं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं आणि तोंडाला येईल ते बोलून गेलो. म्हटलं, ‘आपलं सोडून गेलास ना? मग आता तुझी माझी गाठ इथे नाही, आणि वर गेल्यावरही नाही.’ ही डबा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

तो कागद गुंडाळून निघून गेला. पुढे तो वारला तेव्हा मी तुमच्या प्रार्थनाघरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तू बाहेर येऊन हात केलास. मी मान फिरवली. तुला वाटलं असेल, म्हातारा अजून रागात आहे. राग कुठला गं. आत येऊन त्याच्यासमोर उभं राहायचं तोंड नव्हतं मला.

माझ्या बायकोने मात्र ते वाक्य अकरा वर्षं जपून ठेवलं. मला चार बुकं जास्त कळतात असं तिला वाटतं, म्हणून मी बोललो ते तिने खरं धरलं. रविवारच्या त्या फोनपासून एकच घोकतेय, ‘मला त्याच्या वाटेने पाठवा. त्यांच्यातलं कुणी बोलवा, जे म्हणायचं असतं ते म्हणते.’ मी खूप समजावलं. हात जोडले. म्हटलं, मी रागात बोललो होतो, चुकलो, तुला तसं करायची गरज नाही. ती म्हणाली, ‘नसेलही. पण मला चुकायची भीती वाटते. एकदा त्याला सोडून राहिले, आता नाही राहायचं.’

तेव्हा तुमच्यातल्या थोरांपैकी कुणाला तरी घेऊन ये. पत्र हातोहात पाठवतोय; गुरुवारपर्यंत ये, तिचा आवाज आहे तोवर. दार मी उघडेन. उशीला टेकवून तिला बसवेनही मीच. भाऊबंद काय म्हणायचं ते म्हणोत.

काल तिला विचारलं, ‘तू त्याच्याकडे निघालीस, आणि माझं काय?’ बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला असं कधी काही विचारलं नव्हतं. ती डोळे मिटून होती. म्हणाली, ‘तुम्ही या मागून. दुकानात लोकांना सांगता ते खरं असेल, तर पोचालच.’

थट्टा नव्हती त्यात. मला रात्रंदिवस धडकी भरलीय, पोरी. तुमच्यात दुसऱ्या कुणासाठी काही मागता येत असेल, तर एवढं माग, की मी लोकांना सांगत आलो ते खरं निघू दे.

तुझी वाट पाहणारा,
त्याचा बाप