जानेवारीतला पंखा

वरवट बकाल,
६ जानेवारी

चि. धम्मशीलेले तानाआत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पहिल्यांदा वाचलं तवा जयभीम तेवढा समजला. मंग समजलं, का तुह्या त्या बर्फाहून थंड काम्पुटरच्या मशीनीत एवढुशी आठवन पुसली तरी गरमी निघतेच. खरं हाये पोरी! तू बँकेची नोकरी सोडून शिकाले पुण्याले गेली, तवापासून तुहा बाप म्हनते का मी तिले डोक्यातून पुसून टाकलं. अन् भर हिवाळ्यात पंखा लावून झोपते! रोज पुसते, रोज तू पुन्हा उगवते, तो थंड कसा होईन? तुहे आतोबा गेले, पन मी त्यायले पुसाच्या भानगडीतच नाई पडली. माहं डोकं पाह्य, माठावानी गार.

संघर्षचं लग्न आलं. भावाच्या लग्नाले येशील का नाई, ते लिही. फोनवर तू नुसतं हाव हाव करून ठेवून देते.

आत्याले इसरू नको, गरमी होईन.
तानाआत्या

पुणे,
१३ जानेवारी

ती. तानाआत्यास धम्मशीलाचा जयभीम. वि. वि.

आत्या, तू वाह्यातच आहेस! तुझं पत्र वाचताना हसून चहा सांडला. अगं, ती गरमी मुंगीच्या पायालाही लागणार नाही एवढीशी असते. बाबांना पंखा लागतो तो रागामुळे.

एक गंमत मात्र खरी. आमच्या सूक्ष्म कणांत दोघांची अशी गुंफण होते, की एकट्याकडे पाहून काहीच कळत नाही, दोघं मिळूनच सगळं कळतं. अशा जोडीदाराला सोबत घेऊन आठवण पुसली, तर गरमी सोड, उलट गारवा येऊ शकतो.

लग्नाला यावंसं फार वाटतं. पण घरात पाय ठेवू नको, असं बाबाच म्हणाले होते. त्यांनी बोलावल्याशिवाय कशी येऊ?

तुझी माया माठातल्या पाण्यासारखी राहू दे.
तुझी धम्मा

वरवट बकाल,
२२ जानेवारी

चि. धम्माले जयभीम.

मी तुह्या बापाले सांगतलं, का एकट्यानं पुसलं तं घाम येते, दोघं मिळून पुसलं तं गार वाटते, असं पुण्याची मशीन म्हनते. त्यानं मशीनीले शिवी देल्ली. मंग मी काडी लावली. म्हनलं, पंजाबराव, तू तिले पुसलंच हाये, तं पत्रिकेतूनबी तिचं नाव काढाले मी छापखान्यात सांगून देल्लं. असा तापला, का ताटावरून उठला अन् फटफटीवर थेट शेगावले, छापखान्यात!

म्या काईच सांगतलं नव्हतं. छापखान्यावाला बिचारा पाह्यतच राह्यला. नाव तं तुह्या बापानंच आधी लिहून देल्लं होतं. आता समोर उभं राहून त्याच्या म्होरं 'संशोधक, पुणे' टाकून घेतलं, तेबी ठळक.

घरी आला, पंखा बंद केला, गोधडी मागतली. मंग भितीकडं तोंड करून म्हने, तिले लिही, इकडं थंडी लय हाये, येतानी स्वेटर आनजो म्हना.

माया हाये तशीच राहू दे, अन् गाडी पकड.
तानाआत्या