साईराजची बाटली आणि चारशे उंदीर

१३ जुलै, रविवार

सुरभी सकाळी आली आणि साईराजला ठेवून गेली. तीन आठवडे! सोबत कपड्यांची पिशवी, दुधाच्या तीन बाटल्या, तोंडात घालायची दोन रबरी निप्पलं आणि सूचनांचा एक कागद.

नातू सव्वादोन वर्षांचा. रोह्याच्या बालडॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, दीड वर्षाच्या आतच सुटायला हवी होती बाटली. दूध तोंडात साचून राहतं, वरचे दोन दात काळवंडायला लागलेत. आता थांबवलं तर वाचतील. त्यात पाळणाघराची बाई बाटलीवालं पोर घेत नाही. आणि ४ ऑगस्टला सुरभीला धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये रुजू व्हायचंय. लेक चार वर्षं घरात बसून होती, आता कुठे नोकरी मिळालीय. बाटली सुटली नाही तर पाळणाघर नाही, पाळणाघर नाही तर नोकरी नाही. तिच्या घरी जमत नाही, कारण पोराने तोंड वाकडं केलं की तिच्या सासूबाई बाटली पुढे करतात.

मी म्हटलं, तू निर्धास्त जा. चाळीस वर्षं गणपतीचे डोळे काढतोय मी, एवढंसं पोर मला भारी आहे होय?

संध्याकाळी पाच ते आठ — भारी होतं.

१४ जुलै

कागद नीट वाचला. आधी दुपारची बाटली बंद, मग सकाळची, शेवटी झोपतानाची. दूध पेल्यातून. निप्पल एकदा काढलं की परत द्यायचं नाही. रागवायचं नाही. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित — खोटं काही सांगायचं नाही.

शेवटचं कलम माझ्या बायकोने, विमलने, दुपारी दीड वाजता मोडलं. पोराने निप्पलासाठी भोकाड पसरलं, शेजारपाजारचे डोकावले, तेव्हा ती म्हणाली, "उंदीरमामानं नेलं रं बाळा. आता नाय मिळायचं ते."

दुसऱ्या घरी काऊ नेतो. काऊ उडून जातो, प्रकरण मिटतं. आमच्या घरात मागचं दार उघडलं की कारखाना, आणि कारखान्यात फळ्यांवर गणपतीपुढचे मातीचे चारशे उंदीर वाळत बसलेले! चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे सुचू नये?

१५ जुलै

सात उंदीर गेले. तिघांचे कान, तिघांच्या शेपट्या, एकाचं डोकंच. साईराज एकेकाला उचलतो, तोंडासमोर धरतो, "दे" म्हणतो. उंदीर देत नाही. मग फटका.

विमलला म्हटलं, हे तुझं कर्तृत्व. ती म्हणाली, "मंग काय सांगायचं होतं, डॉक्टरनं नेलं? पुढच्या येळेला डॉक्टरला हाणला असता."

उत्तर सुचलं ते रात्री जेवताना, पण तेव्हा ती विषय विसरली होती.

१६ जुलै

आणखी चार. सुरभीचा फोन — कसं चाललंय? म्हटलं, उत्तम.

१७ जुलै

आज एक गंमत झाली. मी आखणीला बसलो होतो. आखणी म्हणजे डोळ्यांचं काम. मूर्तीचं सगळं रंगकाम आटोपलं की शेवटी डोळे. त्यात घाई नाही, बडबड नाही, श्वाससुद्धा बेताने. तेवढ्यात साईराज एक पांढरा, बिनरंगाचा उंदीर मुठीत धरून आला आणि त्याला दम देऊ लागला. हात उगारला. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अरे, त्याला डोळे कुठे आहेत अजून? त्याने काय पाहिलंय, बिचाऱ्याने?"

पोर थबकलं. उंदराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उंदीर माझ्या पाटावर ठेवला आणि म्हणालं, "आबा, डोये."

रंगाआधी डोळे — माझ्या बापाने पाहिलं असतं तर कुंचला हिसकावून घेतला असता. पण काढले. साईराज समोर मांडी घालून बसला, उंदराचे डोळे वाळेपर्यंत हूं की चूं नाही. मग विचारलं. उंदीर गप्प. मग पुढचा उंदीर आणला.

दुपारभरात बावीस झाले. दुपारच्या बाटलीची आठवणच नाही. विमलने स्टीलच्या पेल्यात दूध आणलं, निम्मं साईराज स्वतः प्यायला, निम्मं त्याने साक्षीदारांना पाजलं.

१८ जुलै

आमचा रंगारी केरू कामावर आला, फळीकडे बघून उभाच राहिला. "काका, रंगाच्या आधी डोळे? कोनाची ऑर्डर हाय ही?"

म्हटलं, खास ऑर्डर आहे. तू तुझं काम बघ.

२० जुलै

सकाळचीही सुटली. आता पोर उठल्या उठल्या माझं धोतर ओढतं — "आबा, च." चला म्हणायचं असतं.

आम्ही दोघं दिवसभर बसतो. तो उंदीर आणून देतो, मी डोळे काढतो, तो चौकशी करतो. मधे मधे मी गणपतीही उरकतो. माझ्याशेजारी इतका वेळ कोणी बसल्याचं मला आठवत नाही. सुरभी लहान असताना मी तिला कारखान्यात येऊ देत नव्हतो. काम बिघडेल म्हणून.

२३ जुलै

झोपतानाचीही सुटली. सुटली!

२४ जुलै

सुरभीचा फोन आला. "बाबा, सुटली असेल तर मी रविवारीच येते न्यायला. आठवडाभर घरची सवय होईल त्याला."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. साईराज माझ्या मांडीवर बसून काळ्या रंगाच्या वाटीत बोट बुडवत होता. मी म्हणालो, "नाही गं, कुठलं! झोपताना मागतोच अजून. लागेल आठवडाभर."

विमल भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकलं आणि पुढची भाकरी घेतली. एरवी मी चहाला साखर किती घेतो यावरही तिचं मत असतं.

खोटं बोललो ते लिहून ठेवतो. मला तो हवा आहे, दुसरं काही नाही. आठ दिवसांनी कोणाचं काय बिघडतं?

२७ जुलै

सुरभीने व्हिडिओ कॉल लावला. आता आली पंचाईत. पोर हिंडतंय, हसतंय, हातात ना बाटली ना काही! मी माळ्यावरून एक रिकामी बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. "हे बघ, सोडतच नाही."

साईराजने बाटलीकडे असं पाहिलं, जणू ही बाई कुठे तरी भेटली होती. सुरभीचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं — चहा येईपर्यंत.

२८ जुलै

पुन्हा कॉल. पुन्हा बाटली. जमायला लागलंय.

२९ जुलै

नको ती अक्कल सुचली. रिकामी बाटली खरी वाटत नाही म्हणून तिच्यात थोडं दूध घातलं. साईराजने हुंगली, तोंडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. कॉल संपला तरी सोडेना. ओढली तर असा टाहो फोडला की केरू स्प्रेचा पंप बंद करून धावत आला.

झोपतानाही बाटली. विमल म्हणाली, "द्या आता. तुमीच शिकवलीय."

३० जुलै

सकाळी बाटली, दुपारी बाटली, रात्री बाटली. उंदरांचा उपयोग नाही. फुटलेले सोडून सगळे डोळस झाले, सगळ्यांचे जबाब झाले.

३१ जुलै

सोमवारी पाळणाघराची बाई पोराला परत पाठवणार. लेकीची नोकरी जाणार, आणि ती सासूमुळे नाही, जावयामुळे नाही — बापामुळे. ते दात मला डोळ्यांसमोर दिसतात. मी स्वतःच्या हाताने त्यांना दूध पाजलं.

आज एका दोन फुटी मूर्तीचा डावा डोळा चुकला.  खरवडून पुन्हा रंग द्यावा लागला. केरूने पाहिलं आणि रंगाची वाटी आपणहून पुढे सरकवली, आणि तेच जास्त लागलं. मी माणूस स्वार्थी आहे. आजवर हे मला कोणी सांगितलं नाही, कारण आजवर मला कोणाची एवढी हाव सुटली नव्हती.

१ ऑगस्ट

साईराजला समोर बसवलं. उंदीर नाही, काऊ नाही. म्हटलं, "निप्पल उंदराने नेलं नव्हतं. आजीने लपवलं होतं. बाटली परत आणली ती आबाने. आबा चुकला. आता ही बाटली आबा टाकणार." आणि त्याच्यादेखत तिन्ही बाटल्यांची रबरं कात्रीने कापली.

त्याला किती कळलं, देव जाणे. गुन्हेगार कोण ते मात्र नेमकं कळलं. पुढे आला आणि उंदरांना मारायचा तसा एक फटका माझ्या गालावर दिला. मग पाऊण तास रडला. मी शेजारी बसून राहिलो. मग विमलने पेला दिला, तो पूर्ण प्यायला.

२ ऑगस्ट

मागितली नाही. मी दिसलो की येऊन एक फटका मारतो आणि जातो. मी बसतोच गाल पुढे करून.

३ ऑगस्ट, रविवार

सुरभी आली, घेऊन गेली. "सुटली ना नक्की?" म्हणाली. म्हटलं, नक्की. तिच्या डोळ्यांत बघवेना. खरं सांगायला शब्द जुळवले होते, पण रामवाडीच्या स्टँडवर पोहोचलो तर एसटी उभीच होती. साईराज खिडकीतून टाटा करत होता, सगळ्या स्टँडला, त्यात एक मी.

घरी येऊन पाच गणपतींचे डोळे काढले. बरे आलेत.

४ ऑगस्ट

सुरभी रुजू झाली. पोर पाळणाघरात रडलं नाही. पेल्यातून दूध प्यायलं, वरणभात खाल्ला. संध्याकाळी डॉक्टरांनाही दाखवलं, दात वाचतील म्हणाले.

६ ऑगस्ट

जेवण जात नाही. विमलला म्हटलं, अपचन असेल.

७ ऑगस्ट

राहवेना. सुरभीला फोन करून सगळं ओकलो — तेवीस तारखेलाच सुटली होती, पुढचं सगळं माझं नाटक. ती म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. आई रोज फोन करायची. एकोणतीसला मात्र माझाही जीव थाऱ्यावर नव्हता."

"मग व्हिडिओवर तोंड पाडून बसायचीस ते?"

"तेही नाटक. आई म्हणाली होती — पोराची सुटली गो, पण यांच्याकडनं एकदम नको काढून घेऊस. झेपायचं नाय त्यांना."