उजवी बाजू वर आलेली मियोगिकु

परमपूज्य एन्काई काकांच्या चरणी, एदोहून पुतण्या तोकुजीचा नमस्कार (साष्टांग घालायला स्वस्थ पडावं लागतं, ते सध्या जमत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? देवळातलं मांजर अजून नैवेद्याच्या ताटातच झोपतं का? मी या ओळीपर्यंत तरी खुशाल आहे. दारात कुणी खोकलं की हातातला ब्रश उडतो, तेव्हा डागांची क्षमा असावी.

योशिवारातल्या, म्हणजे इथल्या रंगमहालांच्या वस्तीतल्या, मियोगिकुचं नाव ऐकून असालच (नाही म्हणाल, पण असाल). तेलवाले गोरोबेई शेठ माडीच्या मालकाला पैसे मोजून तिला सोडवून घरी नेणार, म्हणून त्यांच्याच खर्चाने तिचं चित्र छापायचं काम आमच्या चित्रछपाईवाल्या कुहेई शेठकडे आलं. चित्राचा पातळ कागद लाकडी ठोकळ्यावर पालथा चिकटवून कोरायचा, म्हणजे छापल्यावर सुलटं उमटतं. पण शेठ मानगुटीवर बसलेले, "आटप रे, बाईचे केस पांढरे होतील!" त्या घाईत मी कागद उताणा चिकटवला. नावाची चिठ्ठी वेगळी होती, ती तेवढी नीट लागली, म्हणून छापणाऱ्यालाही संशय आला नाही.

निम्म्या प्रती खपल्यावर दुकानासमोर एक मासेवाली थबकली. "अगंबाई, ही गेली कधी?" चित्र उलटल्यामुळे किमोनोची उजवी बाजू डावीवर आली होती, तुम्ही मयताला नेसवता तशी! संध्याकाळपर्यंत गावभर बोंब. तिच्या माडीखाली लोक उदबत्त्या लावून रडले (ती म्हणे वरून ओरडली, "मेल्यांनो, जिवंत आहे मी!"). गोरोबेई शेठ, वय तुमच्याहून जास्त आणि दात तुमच्याहून कमी, त्यांनी अंथरूणच धरलं. "मेलेली बाई घरात आणू?" आता कुहेई शेठ म्हणतात, अपशकुन उतरव, नाहीतर तुझ्या कोरायच्या सुऱ्या उचल आणि चालता हो.

आपला अस्वस्थ,
तोकुजी

ता. क. : म्हणून काका, देवळाच्या शिक्क्यानिशी दोन ओळी लिहून द्या की बाईवर कसलाही अपशकुन नाही, तेलवाल्यांनी बिनघोर न्यावी. माझं पोट त्यावर आहे.

आणखी ता. क. : पत्र बांधतो तोच मियोगिकुकडून गोड वड्यांचा डबा आला. मला वाटलं, शिव्या असतील. निरोप असा : "कारागीरदादा, म्हातारा फिरकत नाही, किती दिवसांनी शांत झोपले. वसंतात माडीशी माझा करार संपतो, मग मी माझी मोकळी; तोवर एवढा अपशकुन राहू द्या." काका, मी तिचा एकेक केस कोरला, पण तिला जायचंय का, हे माझ्या मनातही आलं नाही. फार लाज वाटली. तेव्हा वरचं रद्द. लिहा की अपशकुन जबर आहे, चेरी फुलेपर्यंत कुणाच्या बापाला उतरायचा नाही.

शेवटचा ता. क. : तुमच्या देवळात ताईत छापायचे ठोकळे कोरायला माणूस लागतो ना? मी उद्या निघतोय. कागद चिकटवायचं काम मात्र तुम्हीच करा.