खाऱ्या पाण्याची ओंजळ

नाचणगाव,
ता. १४ नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस बाबाचा जयभीम व अ. उ. आ.

फोनवर तुहं अर्धं बोलणं वाराच नेते, म्हणून लिहून राह्यलो. आम्ही खुशाल. कापसाचा पयला वेचा घरात आला. पुलगावच्या एका शाळेत खेळाच्या मॅडमची जागा निघाली. पक्की नोकरी, घरचं जेवण. मी तुह्यासाठी शब्द टाकून आलो.

पोरी, कॉलेजात पोहण्याचं मेडल आणलं तेव्हा माही छाती फुगली होती. पण सुट्टीवर आलेल्या लोकायले समुद्रात डुबक्या मारून दाखवणं, हे काय काम होय? तुही आई तर रोज डोळ्याले पदर लावते. जानेवारीत येतो अन् तुले घेऊनच परततो. सामान बांधून ठेवजो.

लोभ आहेच, तो तुह्या उत्तरानं वाढव.

तुहा बाबा,
बापूराव

अंदमान,
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. बाबांस मयुरीचा सा. जयभीम.

पत्र बोटीनं आलं. सामान बांधलं नाई, रागवू नका. न्यायले नको, आधी चार दिवस सुट्टीवर या. जन्मात कधी घेतली तुम्ही सुट्टी?

बेट एवढंसं आहे की सकाळी सायकल काढली तर जेवणाच्या आत फेरी पुरी. नारळ, सुपारी, पिठासारखी रेती. छातीभर पाण्यात पायाची नखं दिसतात. खाली पोवळ्यायचे बगीचे अन् हळदीसारखे पिवळे मासे. दिल्ली-कलकत्त्याचे लोक येतात, पयल्या दिवशी फोनची रेंज शोधतात, मंग चप्पलही विसरतात. बहुतेक सारे पाण्याले भेतात. मी हात धरून नेते. परवा साठीच्या एक डॉक्टरीणबाई वर आल्या अन् माह्या गळ्यात पडून रडल्या. हे सोडून मी मैदानात शिट्टी वाजवत बसू?

अन् मले आपल्या विहिरीत ढकललं कोणं? तुम्हीच ना! आता काऊन भेता? सगळं पाहून घ्या. तरी चल म्हणाल तर निमूट येईन, शब्द देते.

आईले जयभीम सांगा. रागावले तरी माया पातळ करू नका.

आपली,
मयुरी

नाचणगाव,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरीस जयभीम व अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तुह्या आईनं दारातच विचारलं, पोरगी कुठं आहे? मी सांगतलं, ती कामावर आहे.

तिथं बोललो नाई ते लिहितो. गावची विहीर आपल्याले बंद होती तेव्हा तुह्या आबानं स्वतःची खोदली अन् घरचा नेम लावला, की ओंजळभर पिऊनच पाण्यात उतरायचं. त्याच सवयीनं मी समुद्राचंही प्यालो! जीभ पोळली. बोटीतले सारे पाहुणे खो-खो हसले. शरमेनं मेलो मी. वाटलं, आता पोरगी चारचौघात म्हणते, बाबा, असं नाई करत.

तर तू वाकली, ओंजळ भरली अन् गटकन प्याली. वरून त्यायले सांगतलं, हे माहे बाबा, पोहणं यायनंच शिकवलं, आमच्या घरी पाण्यात असंच उतरतात. तुहं तोंडही वाकडं झालं नाई, म्हणजे हे तुहं रोजचंच होय. माहे डोळे भरून आले, पण समुद्रात कोणाले कळते!

मंग तू हात धरून खाली नेलं. बाई, काय ते बगीचे! चौकात मी रोज सांगून राह्यलो, माही पोरगी समुद्राच्या तळाशी लोकायले फिरवून आणते. लोकं कटाळले, मी नाई कटाळलो.

शाळेले नाई म्हणून कळवलं. तुही आई दोन दिवस माह्याशी बोलली नाई. काल म्हणे, मलेही पाहाचं. आज सकाळी पाठीले तेलाचा रिकामा डबा बांधून स्वतःच विहिरीत उतरली. नाकातोंडात पाणी जाते, मले शिव्या देते, पण बाहेर ये म्हटलं तर येत नाई. कापूस निघाला की तिले घेऊन येतो. तवरक तिथून हलू नको.

तुहा अभिमान वाटणारा,
बाबा