ज्याच्या नावचं त्याच्याच हातात

तीर्थपुरी,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यशीलाताईंस,
दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडं सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे. पण ठीक न्हाई. फोन कानाला लावला की आबा जवळ येऊन बसतात आणि माझ्याबद्दल काय सांगून राह्यली म्हणून विचारतात. सासऱ्यासमोरच सासऱ्याचं गाऱ्हाणं कसं करू? म्हणून पत्र.

आबांना आता रिटायर झाल्याचंच आठवत न्हाई. सकाळी उठले की सायकल कुठंय आणि टपालाची थैली कुठंय. गुरुवारी शेजारच्या सर्जेरावांच्या घरात जाऊन त्यांच्या सुनेला वाटायची पत्रं मागत होते. ती बिचारी घाबरून गेली. मी न्हाणीत जायचं म्हटलं तरी दाराला बाहेरून कडी लावून जाते, आणि अंगावर दोन तांबे ओतून पळत येते. हे जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात बारा बारा तास. रविवारचे येतात आणि झोपतात. माझ्या प्रियाची दहावी आहे, पोरीला कुठवर बसवू?

गावच्या आशाताईंनी जालन्यातल्या एका संस्थेचं सांगितलंय, नाव सांजसोबत. डॉक्टरांनी आबांना जो डिमेन्शिया सांगितला, त्याच आजाराच्या घरांसाठी आहे. त्यांची बाई आठवड्यातून दोन दुपारी घरी येऊन बसते. सांभाळणाऱ्यांची महिन्याला बैठक असते, तिथं कसं बोलावं, कसं वागावं ते शिकवतात. काही घेत न्हाईत. फक्त परकं माणूस घरात येणार, म्हणून सगळ्या लेकरांच्या सह्या लागतात. ह्यांनी केली. तुमची राह्यली. फॉर्म जोडलाय, जल्दी पाठवा, ताई.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची,
दीपमाला


हिंगोली,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर काही अजून सुधारलं नाही तुझं! पण पाकिटामागं पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि खाली मोबाइल नंबर पाहून हसू आलं. तू नवी नवरी असताना ती बाजू कोरी ठेवलीस म्हणून आबांनी सगळ्यांदेखत तुझा तास घेतला होता. पत्र हरवलं तर परत कुणाकडं जाईल, असं म्हणाले होते. तू रडलीस, आणि आम्ही हसलो.

आता फॉर्मचं. राग मानू नकोस, पण माझं मन होत नाही. आबा नोकरीला लागले तेव्हा काही घरांत त्यांच्या हातातलं टपाल लांबून घेत, उंबऱ्याबाहेर ठेव म्हणत. त्याच घरांत पुढं त्यांना बसायला पाट मिळाला, तो त्यांनी चाळीस वर्षं पायी आणि सायकलवर कमावला. आता संस्थेची बाई येणार, गाव बघणार, आणि पुंजाराम पोस्टमनला सांभाळायला बाहेरचं माणूस लागतं असं बोलणार. ते मला सोसणार नाही. त्यांना पेपर वाचून दाखव, भिजवलेले बदाम दे, जुन्या गोष्टी काढ. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत येतेच. तोवर तू खंबीर आहेस, मला माहीत आहे.

प्रियाला अभ्यासाला बसव, मोबाइल लपव.
सदैव तुमची काळजी वाहणारी,
सत्यशीला


तीर्थपुरी,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. ताईंस,
सविनय जयभीम.

सुट्टी मे महिन्यात आहे. आत्ता जानेवारी आहे.

बदाम दिले. त्यांनी ते उशीखाली ठेवले आणि चोर आला म्हणून घर डोक्यावर घेतलं. पेपर वाचला की छापलेली नावं बघून ह्या लोकांची पत्रं कुठायत म्हणतात. तुम्ही मला खंबीर म्हणता, ताई. मी खंबीर न्हाई, मी अडकलेली आहे. दोन्हीत फरक आहे.

जे लिहायला बसले ते लिहिते. काल मी आबांवर हात उगारला. ते तिसऱ्यांदा कडी काढत होते, दूध उतू जात होतं, आणि माझा हात वर गेला. मारलं न्हाई. पण त्यांनी डोकं खाली घालून दोन्ही हात असे कानावर घेतले, शाळेतल्या पोरासारखे. माझ्या लग्नात बाप न्हाई म्हणून बापाच्या जागी जो माणूस उभा राह्यला, तो मला भ्याला. मी चुलीपाशी बसून रडले. थोड्या वेळानं तेच येऊन बाई कुणाच्या, कशानं रडता, असं विचारू लागले.

तुमची सही न्हाई तर संस्थेची बाई घरी बसू शकत न्हाई. पण तिथल्या मीनाबाईंनी नाव आणि फोन नंबर लिहिलेल्या कापडी पट्ट्या तरी दिल्या. आबांच्या सगळ्या सदऱ्यांना आतून शिवल्या. कुणाला दिसत न्हाईत, म्हणजे तुमची गावाची काळजी मिटली.

मला आता न्हाई झेपत. हे मी हात जोडून लिहून राह्यले. मला आबा जड झाले न्हाईत, मला त्यांची भीती वाटते, आणि माझीसुद्धा.

लोभ ठेवायचा की न्हाई ते हे वाचून ठरवा.
दीपमाला


तीर्थपुरी,
ता. ९ जानेवारी २०२५

ती. ताईंस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल ह्यांनी फोनवर सांगितलंच, आबा सापडले. कसे ते सांगायला जमलं न्हाई, सारे रडत होतो.

तुम्हाला लिहिलेलं सहा तारखेचं पाकीट पोस्टात टाकायचं म्हणून मी दारातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. काल सकाळी सर्जेरावांची सून बोलवायला आली म्हणून मी दोन मिनिटं बाहेर गेले, आणि कडी लावायची विसरले. आले तर आबा न्हाईत, पाकीट न्हाई. पेटी उघडी. त्यातला खाकी सदरा न्हाई. सगळ्या सदऱ्यांना पट्टी शिवली, ताई, पण पेटीतला खाकी माझ्या ध्यानातच आला न्हाई. आणि टपाल वाटायला जाणारा माणूस दुसरं काय घालणार!

सारा गाव हुडकायला निघाला. मी नुसती गोदावरी आणि हायवेवरचे ट्रक डोळ्यासमोर आणून राह्यले होते. मीनाबाई जालन्याहून तडक आल्या. सही नसताना! त्यांनी मला एका जागी बसवलं, फोन हातात देऊन लाइन मोकळी ठेवायला सांगितली.

दिवस कलायला फोन आला, शहागडहून. कुणाच्या तरी टेम्पोत बसून आबा तिथवर गेल्ते. हायवेवर एकेक ट्रक थांबवून हिंगोलीचा रस्ता विचारत होते. भागवत नावाच्या हॉटेलवाल्यानं हात धरून सावलीत बसवलं. नाव विचारलं तर सांगता येईना. पत्र मागितलं तर देईनात, ज्याच्या नावचं त्याच्याच हातात, एवढंच म्हणत होते. पण छातीशी धरलेल्या पाकिटाची मागची बाजू बाहेर होती. त्यावर माझा पत्ता आणि नंबर. भागवतनं तो उभ्याउभ्या वाचला.

पाकीट अजून त्यांच्याच खिशात आहे. मला हात लावू देत न्हाईत, पाकिटावर नाव हाय त्या तुम्ही न्हाई म्हणतात. ते आता तुम्हालाच येऊन घ्यावं लागंल.

वाट बघणारी,
दीपमाला


हिंगोली,
ता. १३ जानेवारी २०२५

प्रिय दीपमालास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी माझाही जयभीम.

काल तुझ्यासमोर बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर शब्दांऐवजी रडूच आलं असतं. म्हणून एसटीतून उतरल्याबरोबर लिहायला बसले.

तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हाची गोष्ट. मी आबांच्या पाया पडले. त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं. मी पुंजाराम म्हणाले. त्यावर ते हसले आणि भला माणूस आहे, ओळखतो मी त्यांना, असं म्हणाले. मग पाकिटावरचं नाव बोट फिरवून दोनदा वाचलं, माझ्याकडं पाहिलं, कॅलेंडरच्या फाटक्या पानावर माझी सही घेतली आणि पाकीट हातात दिलं. पोचवलं एकदाचं म्हणून खांदे असे सैल सोडले त्यांनी.

मी ते तुझ्या ओट्यावर बसून वाचलं. तू हात उगारल्याचं, ते भ्याल्याचं. ते दोन्ही माझ्यामुळं झालं, दीपा. गाव काय म्हणेल याची मला एवढी काळजी, आणि गाव तर त्या दिवशी त्यांना हुडकत उन्हात फिरत होता. तुझ्यावरचा लोभ ठरवायला मी कोण? तू माझ्यावरचा ठेवशील का, ते सांग.

फॉर्म माझ्या कपाटात घडी करून पडला होता, तो सोबत आहे. मीनाबाईंना उद्याच बोलव. महिन्याच्या बैठकीला तू जाशील त्या दिवशी मी रजा काढून आबांजवळ बसेन. आणि खाकी सदऱ्याला पट्टी शिव, पण तो पेटीत लपवू नकोस, बाहेर खुंटीला राहू दे.

आबांनी मला ओळखलं नाही. पण त्यांनी माझी सही मागितली, तिथं केली. तूही मागितली होतीस, ती इथं केली आहे.

तुझी उशिरा आलेली,
सत्यशीला