लाल पट्टी आणि दुसरं कडवं

सोमवार, ३ मार्च. सकाळी दहा.

संगणकाने आज हात वर केले. आमच्या शाळेच्या बॅचची भेट रविवारी संध्याकाळी पाचला स्क्रीनवर भरणार आहे. त्यासाठी एक प्रोग्रॅम घालायचा, तर म्हणतो जागा नाही. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. अगदी मावळतीचा रंग. थोडा वेळ नुसता बघत बसलो.

भेट पोपटने ठरवली आहे. पोपट म्हणजे आमच्या वर्गातला घोकंपट्टीचा बादशहा. गॅदरिंगला कवितापाठात त्याचा पहिला नंबर आला, कारण त्या दिवशी माझा घसा बसला होता. एरवी पाचवीच्या पुस्तकातली ‘कंदीलवाला’ म्हणावी तर मीच. रविवारी म्हणणार आहे. तसं सगळ्यांना कळवलं. पोपटने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. असूयेला हल्ली एक बोट पुरतं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, नको ते डिलीट करा आणि रीसायकल बिन रिकामी करा, दहा मिनिटांचं काम आहे. मुलगा हुशार आहे, पण कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचं राहून गेलेली पिढी. सगळं दहा मिनिटांत हवं.

संकल्प: रोज थोडं थोडं. घाई नाही.

मंगळवार, ४ मार्च.

कामाला लागलो. पहिला फोल्डर ‘संकीर्ण’. दुसरा ‘संकीर्ण नवे’. तिसरा ‘संकीर्ण, सावकाश बघणे’. सावकाश बघितला. आत ऑफिसातल्या निरोपसमारंभाचे फोटो निघाले. सगळ्यांत माझे डोळे मिटलेले. फोटोग्राफर तेव्हा म्हणाला होता पुन्हा काढू, मीच म्हटलं राहू दे, त्यात भाव आहे. दुपार त्या भावातच गेली.

डिलीट केलं: एक पत्र, टेलिफोन बंद असल्याच्या तक्रारीचं. टाकल्यावर सहज वाचलं. काय भाषा होती माझी! बिनमधून परत आणलं.

ही बिन मोठी दयाळू वस्तू. टाकलेलं तिथे मुकाट पडून असतं, कोणी हाक मारील म्हणून. आणि मुलगा म्हणतो ती रिकामी करा. घराला माळाही असू नये का?

बुधवार, ५ मार्च.

आज पद्धतशीर. सगळे फोटो ‘पिक्चर्स’मधून उचलून ‘जुने’ नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवले. मान आखडली. पट्टी जागची हलली नाही. ही दाराशी टॉवेलच्या घड्या घालत उभी होती. म्हणाली, या खोलीतलं कपाट त्या खोलीत नेलं म्हणून घर मोठं होत नाही.

तिला संगणकातलं काही कळत नाही.

संध्याकाळी तालीम. कॅमेऱ्यासमोर बसून कवितेचा व्हिडिओ केला. शेजारी मजकूर मोठ्या अक्षरात उघडून ठेवतो. पाठ आहेच, तो फक्त विरामचिन्हांसाठी. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी. पुन्हा केला. त्यात हिचं “चहा गार होतोय”. पुन्हा केला. फाइलींची नावं ‘अंतिम’, ‘अंतिम पक्का’, ‘अंतिम खरा’. व्हिडिओ केवढी जागा खातात याची कल्पना नव्हती. पण कलेत काटकसर करू नये.

गुरुवार, ६ मार्च.

मुलाने पेनड्राइव्ह पाठवला. करंगळीएवढा. सगळे फोटो त्यात भरले आणि इथले डिलीट केले. ते गेले बिनमध्ये, म्हणजे घरातच. मन शांत.

जेवताना मात्र शंका आली. एवढीशी चीज, खिशात राहून धुण्यात गेली तर? हात धुऊन लगेच बसलो आणि पेनड्राइव्हमधलं सगळं सुरक्षिततेसाठी संगणकावर कॉपी करून ठेवलं.

मुलाला फोनवर सांगितलं. त्याने कॉपी कुठे केली ते पुन्हा विचारलं. मग आईला फोन द्या म्हणाला.

शुक्रवार, ७ मार्च.

फोटो लहान करून ठेवायचा झिप नावाचा प्रकार सापडला. गादी गुंडाळून, दाबून पेटीत कोंबावी तसा. केला. आता गादीही आहे आणि पेटीही.

तालीम चांगली झाली असती. ही ओटा पुसताना काहीतरी गुणगुणत होती, त्यामुळे लय बिघडली. सांगितलं तिला. गप्प बसली, पण फडक्याचा ताल तोच. फाइलीचं नाव ‘अंतिम खराखुरा’.

शनिवार, ८ मार्च.

आज कठोर व्हायचं ठरवलं. तालमीचे व्हिडिओच उडवायचे, एकच ठेवायचा. पण कुठला? सगळे बघावे लागले. प्रत्येकात काहीतरी आहे. एकात ही मागून बादली घेऊन जाते, स्क्रीनवर स्वतःला बघून थबकते, पदर सारखा करते आणि निघून जाते. हा कसा टाकणार? दुसऱ्यात शिंक आहे, पण भावपूर्ण.

एकही टाकला नाही. तुलनेसाठी आणखी एक केला.

पट्टी काठोकाठ. उद्या सकाळी ताज्या डोक्याने बघू. काम जवळजवळ झालंच आहे.

रविवार, ९ मार्च. संध्याकाळी सात.

प्रोग्रॅम बसला नाही. हिच्या फोनवरून हजर राहिलो. स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून, कारण तिथे उजेड बरा. ही ओट्याशी फरसबी मोडत होती. मजकूर आतल्या खोलीत, संगणकावर. त्याची गरजही नव्हती.

पहिलं कडवं असं उतरलं म्हणता!

काच पूस रे कंदीलवाल्या, सांज उतरली दारी
तुझ्या पावलांसाठी थांबली गल्ली ही अंधारी

बंब, म्हणजे आमचा मागच्या बाकावरचा गोलमटोल गडी, त्याने डोळे पुसले. की चष्मा, नीट दिसलं नाही. मग दुसऱ्या कडव्याआधी मी विराम घेतला. काव्यवाचनात विरामाला फार महत्त्व असतं. विराम जरा लांबला. बंबने विचारलं, नेट गेलं का? कोणीतरी म्हणालं, नाही, पापण्या हलताहेत.

पोपट म्हणाला, “अरे, गॅदरिंगलाही तू इथेच थांबला होतास.”

मी घशाचा खुलासा करणार, तोच ओट्याकडून दुसरं कडवं आलं. शेंगा मोडता मोडता, मान वर न करता. मागोमाग तिसरं. मग शेवटचं. त्यात कंदीलवाला स्वतःच्याच दाराशी पोचतो आणि तिथला दिवा आधीच कोणीतरी लावलेला असतो, ती ओळ तिने इतकी हळू म्हटली की पडद्यावर कोणी हललं नाही. मीही नाही. हा मात्र विराम नव्हता.

मग सगळे वहिनी, वहिनी करायला लागले. फोन तिच्याकडे वळवला. माझा फक्त कान दिसत होता म्हणे. पुढच्या भेटीत वहिनींचा कवितापाठ, असं पोपटने परस्पर जाहीर करून टाकलं.

नंतर तिला विचारलं, पाठ कधी केलीस? म्हणाली, पाठ कशाला करायची, आठवडाभर भिंतीतून तेच येतंय. “दुसऱ्या कडव्याला तुम्ही बाजूला बघून वाचता, आवाज पडतो. म्हणून मग ते कान देऊन ऐकावं लागलं.”

विरामचिन्हांचं तिला सांगितलं नाही. तो तांत्रिक विषय आहे.

सोमवार, १० मार्च.

सकाळी सुचलं, तिच्या आवाजात कविता कायमची जपून ठेवावी. तिला संगणकासमोर बसवलं. आधी नको नको म्हणाली, मग केस सारखे केले, घसा खाकरला. मी बटण दाबलं.

जागा नाही.

म्हटलं थांब, बिन रिकामी करतो, क्षणाचं काम. बाण बिनवर नेला. आत निरोपसमारंभाचे फोटो. ते आणखी तीन ठिकाणी आहेत, पण इथले वेगळे. बोट काही खाली जाईना. ही थोडा वेळ थांबली. मग चष्मा काढून उठली. दूध उतू जाईल म्हणाली.

दारातून वळून म्हणाली, “मग आता पाठच करा.”

कल्पना वाईट नाही. डोक्यात भरपूर जागा आहे, असं मुलगाही एकदा म्हणाला होता.

पहिलं कडवं आजच पक्कं झालं. दुसरं उद्यापासून.