मागच्याला पुढे ओढणारी पेटी

मी शेख फारुख शेख नबी, वय चौसष्ट, धंदा स्पीकर बांधणे व दुरुस्ती, राहणार मेहरूण, जळगाव, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात काय करावे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कानांचाही द्या म्हटले तर ते हसले.

कलम १. घर, घरापुढचे दुकान आणि बँकेतील शिल्लक शरियतप्रमाणे वाटावी. पत्नी रहिमाबी, मुलगी रूही व भाऊ हसनैन यांचे हिस्से ठरलेलेच आहेत, त्यात मी हात घालत नाही. अब्बांच्या आजारपणात हसनैन एकदाही फिरकला नाही. त्याला मिळेल ते कायद्याने मिळेल. भावाने प्रेमाने दिले असे त्याने चारचौघांत सांगू नये.

कलम २. एक तृतीयांश मालमत्ता माझ्या मर्जीने द्यायचा मला अधिकार आहे. त्यातून माझी सर्व हत्यारे व कॉइल गुंडाळायचे मशीन माझा भागीदार लीलाधर बडगुजर, राहणार धुळे, याला द्यावे. माणूस हट्टी आहे, पण हात सोन्याचा आहे. शिवाय पुढचे काम त्याच्याच गळ्यात पडणार आहे.

कलम ३. दुकानातली काळी पेटी कोणालाही देऊ नये व सुरू करू नये. तिचे काम आवाज वाटून देण्याचे: जाड आवाज मागच्या मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज पुढच्या भोंग्याला. तयार पेटी बाजारात मिळते, पण आम्हाला स्वतःची करायची खाज. रूही इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिने कोरी चिप आणली; चिपने काय काम करायचे ते आपणच लिहून तिच्यात भरायचे असते. भोंगा ऐकणाऱ्याच्या जवळ, म्हणून त्याचा आवाज आधी पोहोचतो. त्याला किंचित थांबवले की दोन्ही आवाज जुळतात. लीलाधरला हे पटेना. मंडपात मागे पडलेला स्पीकर आम्ही जन्मभर पुढेच सरकवत आलो.

"मांगलाले पुढे वढी लेऊत ना, त्यामा काय शे?" तो म्हणाला.

"काका, पुढच्याला थांबवता येतं," रूही म्हणाली. "मागच्याला ओढता येत नाही."

ती चोपड्याला गेली असताना त्याने मोठ्या स्पीकरच्या थांबण्याचा आकडा उलटा, म्हणजे उणे भरला. चिपने तो मानला.

कलम ४. माईक घराच्या बैठकीत टांगलेला होता. मी खोकलो, त्याच्या आधी मोठा स्पीकर खोकला. आम्ही पोट धरून हसलो. पण दर वेळी पेटी सुरू केली की हे अंतर वाढत गेले. एका सकाळी स्पीकरमधून धाडकन आवाज आला. घरात तर काहीच पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी अंगणात कोसळली. लीलाधर तेव्हापासून दुकानाची पायरी चढत नाही. रूहीने चिप पुसून कोरी केली, तरी मोठा स्पीकर बोलायचा थांबला नाही.

सबब लीलाधरने स्वतः येऊन चिप उपटावी व हातोड्याने फोडावी. रूहीने तिथे थांबू नये. तिला चूक शोधत बसायची सवय आहे, आणि ही ऐकायची गोष्ट नाही.

कलम ५. मी ती ऐकली, म्हणून हे लिहीत आहे. गेल्या जुम्म्याला नमाजानंतर मी पेटी शेवटची सुरू केली. बैठकीत कोणी नव्हते. स्पीकरमधून पुष्कळ पुरुषांची पावले ऐकू आली, मग काहीतरी जड उचलल्याची धाप, आणि मग सगळ्यांचा एकत्र घुमणारा आवाज. शब्द कळत नव्हते, पण ती लय मला पाठ आहे. जनाजा उचलताना कलिमा असाच म्हणतात.

जनाजा आमच्याच घरातून निघत होता. कोणाचा, ते कळेना. बायकांचे रडणे बारीक असते, ते मोठ्या स्पीकरवर येत नाही. रहिमाबीच्या छातीत गेल्या वर्षी स्टेंट बसवला आहे. रूही रोज मोटारसायकलवर हायवेने कामाला जाते.

मग सुचले: यांच्यापैकी कोणी गेले असेल, तर खांदा देताना कलिमा म्हणणाऱ्यांत मी असणारच. माझा आवाज मला हजारांत ओळखू येतो. मी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो. अल्लाहकडे इतके कळवळून मी कधी काही मागितले नाही.

पावले दारातून बाहेर पडली, लांब गेली, बैठक शांत झाली. माझा आवाज त्यात एकदाही आला नाही.

मी पेटी बंद केली, आत जाऊन रहिमाबीकडे चहा मागितला आणि दोन कप प्यालो. तेव्हा माझ्यासाठी फार रडू नका. मला जे हवे होते तेच झाले आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

शेख फारुख शेख नबी

आमच्यादेखत सही झाली:
१. जीवराम भिका चौधरी, मंडपवाले, असोदा
२. कुसुमलता सुरेशचंद कोठारी, समोरचे किराणा दुकान, मेहरूण

(लीलाधरला हत्यारे मिळणार, म्हणून त्याला साक्षीदार केलेले नाही. त्याने रुसू नये.)

ठिकाण: जळगाव
तारीख: ११ फेब्रुवारी २०२५